अंतर-वेळ ग्राफ आणि स्पेसटाइम डायग्राम एकच का?

भाची अकरावीत आहे, परवा अप्पा बळवंत चौकातून ग्राफची वही घेऊन थेट माझ्याकडेच आली आणि म्हणाली, मावशी, स्पेसटाइम डायग्राम म्हणजे आपला नववीतला अंतर-वेळ ग्राफच ना, फक्त उभं-आडवं उलटं केलेलं? अर्धं बरोबर होतं तिचं. शाळेत वेळ आडवी, त्यामुळे स्पीड जास्त तर रेघ जास्त उभी. गणितज्ञ मिंकोव्स्कीने सापेक्षतावादासाठी काढलेल्या स्पेसटाइम डायग्राममध्ये (१९०८) वेळ वर जाते, म्हणून थांबलेली वस्तू सरळ वर चढते आणि स्पीड वाढला की रेघ झुकते.

पण स्केल बघा ना. शाळेत स्केल आपल्या मर्जीचं, इथे उभा चौकोन एक सेकंद तर आडवा चौकोन जवळपास ३ लाख किलोमीटर, म्हणजे प्रकाश बरोब्बर ४५ अंशात. म्हटलं, आता यावर डेक्कन क्वीन काढ! शाळेच्या ग्राफवर पुणे-मुंबई १९२ किलोमीटरची छान तिरकी रेघ येते, इथे ताशी ६० च्या गाडीची रेघ एक सेंटिमीटर बाजूला सरकायला कागद सुमारे १८० किलोमीटर लांब लागेल, पुण्यात धरलेला कागद मुंबईच्या तोंडाशी पोचेल इतका.

मग प्रकाशाच्या ०.६ पट वेगाचं यान घेतलं, ३ चौकोन उजवीकडे, ५ वर. यानातल्या घड्याळात किती वाजले? तिने फूटपट्टी लावली, ५.८ आले. तर नाही! ५ चा वर्ग वजा ३ चा वर्ग, १६, मूळ ४. पायथागोरसमध्ये अधिक असतं तिथे इथे वजा आहे, म्हणून कागदावर लांब दिसणाऱ्या रेघेवर वेळ कमी जातो, आणि मला वाटतं ही वजाबाकी हाताने केल्याशिवाय फॉर्म्युला शिकवूच नये.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे घाईत राहून जातं, ते म्हणजे 'आत्ता'ची रेघ, म्हणजे एकाच क्षणी घडणाऱ्या सगळ्या घटना जोडणारी रेघ. शाळेच्या ग्राफमध्ये ती सगळ्यांची एकच. इथे यानाची 'आत्ता' पण झुकते, ५ उजवीकडे, ३ वर. त्या रेघेच्या दोन टोकांना दोन दिवे लागले तर यानातल्यांसाठी एकदमच लागले, आपल्यासाठी दुसरा ३ सेकंद उशिरा.

तिने यानाच्या दोन्ही तिरक्या रेघा काढल्या, एक त्याच्या वाटेची, एक त्याच्या 'आत्ता'ची, मधे प्रकाशाची, कोनमापक लावला आणि एकदम थांबली. "मावशी, प्रकाश दोघींच्या बरोब्बर मधोमध आहे. म्हणजे यानातूनही त्याचा स्पीड तेवढाच येणार?"

हो गं, तेवढाच.