मांडा आणि मांडा

बेळगावला मित्राच्या लग्नात वाढपी 'मांडे, मांडे' करत आला आणि मी ताटातला भात बाजूला सारून जागा केली. धुळे सोडून बारा वर्षं झालेली, खापरावरचा मांडा खाल्ल्यालाही तेवढीच. ताटात पडला तो कागदासारखा पांढरट चौकोन. बोट लागताच मोडला, आत पिठीसाखर. फोटो पाहून मोठ्या मायने फोनवर विचारलं, "हाऊ मांडा शे का पापड?"

बेळगावकडचा मांडा कोरडा असतो. रवा-मैद्याची पातळ पारी, आत तूप, पिठीसाखर, खसखस. उपड्या कढईवर भाजून गरम असतानाच दुमडायचा, कारण निवल्यावर दुमडायला गेलात तर चुराच. आत ओल नाही, म्हणून डब्यात पंधरवडाभर सहज राहतो. दुधात चुरून छानच लागतो, खोटं कशाला बोलू. पण मनात जे मांडे खात होतो ते हे नव्हेत.

आमच्याकडे खानदेशात मांडा म्हणजे पुरणाचा. वस्त्रगाळ गव्हाचं पीठ, पाण्याचा हात लावत परातीत आपटून आपटून इतकं सैल करायचं की उचललं की लोंबेल. पुरणही तितकंच मऊ हवं. पुरण घट्ट राहिलं तर ताणताना कणीक पुढे जाते, पुरण मागे राहतं आणि मांडा फाटतो. लाटण्याचं काम सुरुवातीपुरतं. पुढे तो हातांवर झेलत, कोपरापर्यंत फिरवत वाढवायचा आणि चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद सोडायचा. 'म्हणजे मोठी पुरणपोळीच ना?' असं पुण्यात कुणी म्हटलं की मी वाद घालत नाही, फक्त कोपर दाखवतो.

मातीचं खापर धीम्याने तापतं, पातळ पापुद्रा न करपवता भाजतं. मुक्ताईला खापर मिळू दिलं नाही म्हणून ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजले, ही कथा सगळ्यांना ठाऊक. त्या मुक्ताईचं देऊळ आमच्या मुक्ताईनगरात, त्यामुळे लहानपणी ती मला शेजारच्या घरातली वाटायची.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी गेलो. अंगणात निंबाला झोका, ताटात मांडा, आमरस आणि झणझणीत रशी, म्हणजे आमच्याकडची पातळ आमटी. पहिल्या घासाला चक्रावलो. आठवणीतला मांडा गोडमिट्ट होता, हा जेमतेम गोड. मग लक्षात आलं, लहानपणी मी मधलं पुरण चाटूनपुसून खायचो आणि कडा बहिणीच्या ताटात सरकवायचो. या खेपेला कडाच आधी संपवल्या: धुराचा वास धरलेल्या, रशीत बुडवल्या की मऊ होणाऱ्या.

काकू म्हणाली, "ये, ताणून बघ." तिसऱ्या फेऱ्याला मांड्यातून माझं कोपर बाहेर आलं. तिने तो तसाच भोकासकट खापरावर टाकला आणि माझ्याच ताटात वाढला.