रिकाम्या चौकटीपासून सुरुवात: स्वमग्न मुलांना रोजची कामं शिकवण्यामागचा इतिहास

बाल्टिमोरचे मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांची वर्णनं प्रसिद्ध केली आणि स्वमग्नतेला (ऑटिझमला) वैद्यकात जागा मिळाली. मुलांना रोजची कामं शिकवायचा विचार मात्र पुढची वीसेक वर्षं रखडला. स्वमग्नतेचं खापर आईच्या कोरड्या वागण्यावर फुटत होतं. शिकागोत अशा मुलांची निवासी शाळा चालवणारे ब्रुनो बेटेलहाइम यांनी तर मुलाला आईवडिलांपासून दूर ठेवणं हाच उपचार मानला. मूल दात कसे घासेल, शर्टाची बटणं कशी लावेल, याला त्या विचारात फारसं स्थानच नव्हतं. स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्ये या स्थितीचं मूळ शरीरात, मेंदूत असल्याचं ठामपणे मांडलं, आणि आयांच्या माथ्यावरचं बालंट हळूहळू उतरू लागलं.

त्याच वर्षी माँट्रोज वुल्फ, टॉड रिस्ली आणि हेडन मीस यांनी साडेतीन वर्षांच्या एका स्वमग्न मुलाची हकिगत छापली. मोतीबिंदूमुळे त्याच्या डोळ्यांतली भिंगं काढावी लागली होती. चष्मा लावला नाही तर दृष्टी जाण्याची भीती, आणि हा चष्मा लावूच देईना. मग काचा नसलेल्या चौकटी त्याच्यासमोर ठेवल्या. उचलली की बक्षीस, हातात धरली की बक्षीस, डोळ्यांजवळ नेली की बक्षीस. अखेर तो दिवसातले बाराएक तास चष्मा घालू लागला. मला ही एका मुलाची गोष्ट नंतरच्या बऱ्याच आकडेवारीपेक्षा मोलाची वाटते. बुटाची नाडी असो वा शौचाची सवय, कामाचे बारीक टप्पे पाडून शिकवण्याची आजची रीत याच वळणाची आहे.

ही रीत गाजवली ती अमेरिकी मानसशास्त्रज्ञ इव्हार लोव्हास यांनी. १९८७ च्या त्यांच्या अभ्यासात आठवड्याला ४० तास शिकवलेल्या १९ पैकी ९ मुलांनी पहिलीचा नेहमीचा वर्ग पार केला. पण तुलनेसाठीचे मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. शिवाय लोव्हास यांच्या सुरुवातीच्या कामात थपडा आणि विजेचे झटकेही होते. हा डाग पुसला गेलेला नाही, आणि जाऊही नये.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात मानसशास्त्रज्ञ एरिक शॉप्लर यांनी वेगळी वाट धरली. १९७२ पासून राज्यभर चाललेल्या ‘टीच’ कार्यक्रमात मुलाला वाकवण्याऐवजी भोवतालची मांडणी बदलली गेली: कामाची ठरलेली जागा, चित्रांचं वेळापत्रक आणि सहशिक्षक म्हणून आईवडील. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या, जीन एअर्स यांनी स्पर्श, तोल, हालचाल यांच्या संवेदनांकडे लक्ष वेधलं. त्यांच्या ‘सेन्सरी इंटिग्रेशन’च्या, म्हणजे संवेदनांचा मेळ घालण्याच्या पद्धतीच्या, पुराव्यांवर वाद आहेत, तरी नखं कापताना मूल का किंचाळतं, हे तरी लोक विचारू लागले.

१९९० च्या दशकापासून मोठी झालेली स्वमग्न माणसं स्वतःच बोलू लागली. नजरेला नजर देणं, हात फडफडवणं थांबवणं, ही कौशल्यं नेमकी कुणाच्या सोयीची, असा त्यांचा सवाल आहे. बुद्ध्यंक चांगला असूनही रोजच्या कामांत मागे पडणारी मुलं पुष्कळ असतात. तरी संशोधनाचा भर लहान वयावरच राहिला. पैसे हाताळणं, एकट्यानं प्रवास करणं, घर चालवणं या मोठेपणीच्या गोष्टींवर त्या मानानं फार कमी काम झालं आहे.