चिठ्ठीवरचा एक शब्द

संध्याकाळी सहाच्या सुमारास आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिग्मी एजंट येतो. गाडी बंद न करताच पानठेल्यावाल्याकडून शंभराची नोट घेतो, कमरेच्या मशीनमधून बोटभर चिठ्ठी फाडून देतो. ती चिठ्ठी चुन्याच्या डब्याखाली जाते. पैसे कुठे ठेवता, असं विचारलं तर ठेलेवाले भाऊ म्हणाले, "बँकेत." चिठ्ठीवर बारीक अक्षरात 'पतसंस्था मर्यादित' असं होतं. 'पतसंस्था' या शब्दापाशीच ठेव विमा, म्हणजे बँक बुडाली तर ठेवीदाराला मिळणारी भरपाई, थांबतो, आणि बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा रिझर्व्ह बँकेचा लोकपालही. पतसंस्थांच्या ठेवींनाही संरक्षण द्या, ही मागणी इथूनच निघते.

ठेवीदाराच्या आधी कायद्याला कर्जदार दिसला होता. मंदीत कापसाचे भाव कोसळले, वऱ्हाड-नागपूरचा कास्तकार सावकाराच्या वहीत अडकला. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी. १९३३ मध्ये कर्ज-तडजोडीचा आणि १९३४ मध्ये सावकारांचा कायदा आला. दुसऱ्यातली अट साधी होती: प्रत्येक ऋणकोचा हिशेब वेगळा ठेवायचा आणि दरसाल त्याला लेखी द्यायचा. दिला नाही, तर कोर्ट व्याज नाकारू शकत होतं. नव्वद वर्षांपूर्वीच्या या अटीपुढे आजच्या कितीतरी रंगीत ठेव पावत्या फिक्या पडतात.

ठेवीदाराची पाळी १९६० मध्ये आली. त्या वर्षी अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, पाठोपाठ केरळातली पलाई सेंट्रल बँक. या दोन धक्क्यांमुळे ठेव विम्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून दर ठेवीदाराला १,५०० रुपयांचं कवच मिळालं. १९९३ मध्ये ते एक लाखावर गेलं, मग सत्तावीस वर्षं तिथेच राहिलं. पाच लाख झालं फेब्रुवारी २०२० मध्ये, मुंबईतल्या एका मोठ्या सहकारी बँकेच्या खातेदारांनी रस्त्यावर उतरून काही महिने काढल्यावर. इथे क्रम नेहमी असाच, आधी टाहो आणि मग राजपत्र.

सहकारी बँका १ मार्च १९६६ पासून रिझर्व्ह बँकेच्या नजरेखाली आल्या, पण अर्ध्याच. निवडणूक, संचालक मंडळ, लेखापरीक्षण सहकार खात्याकडे राहिलं. या दुहेरी कारभाराची किंमत नागपूरकरांना ठाऊक आहे. २००२ मध्ये नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे सरकारी रोख्यांसाठी दिलेले सुमारे दीडशे कोटी गेले. दलालांमध्ये होम ट्रेड ही क्रिकेटपटू आणि सिनेतारे जाहिरातीत झळकवणारी कंपनी होती. खटल्याचा निकाल लागला डिसेंबर २०२३ मध्ये.

पतसंस्थेचं मात्र सगळंच वेगळं. ती फक्त सभासदांकडून ठेव घेऊ शकते, म्हणून पहिल्याच दिवशी ठेलेवाल्याची एका फॉर्मवर सही घेतली जाते. कागदोपत्री तो ग्राहक नसून संस्थेचा सभासद, म्हणजे लक्ष ठेवणं त्याचंच काम! सर्वसाधारण सभेची नोटीस कुठे लागते, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. नावात 'बँक' लावायला मनाई आहे. सहकारी संस्था हा शब्द वापरतात आणि त्यांच्या ठेवींना विमा नाही, असा इशारा रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये दिला. वर्तमानपत्रातला तो इशारा ठेल्यावर कोण वाचणार? एजंट तर रोज येतो.

पैसे बुडाले की हातात राहतो तो १९९९ चा महाराष्ट्र ठेवीदार हितसंरक्षण कायदा, पोलीस-वकिलांच्या बोलीत 'एमपीआयडी'. यात सहा वर्षांपर्यंत कैद आहेच, पण खरं बळ मालमत्ता जप्त करून ती विकून ठेवीदारांना पैसे देण्यात आहे. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो घटनाबाह्य ठरवला. २०११ मध्ये तमिळनाडूचा तसाच कायदा उचलून धरताना सर्वोच्च न्यायालयाने ते मत खोडलं. एप्रिल २०२२ मध्ये त्याच कोर्टाने महाराष्ट्राचा कायदा पुन्हा वैध ठरवला. दरम्यान, २०१९ मध्ये अनियंत्रित, म्हणजे कुठल्याच नियामकाखाली नसलेल्या, ठेव योजनांवर केंद्राची बंदी आली. नोंदणी असलेली पतसंस्था आपल्या सभासदांकडून ठेव घेते तेव्हा तिला ही बंदी सहसा लागू होत नाही.

माझ्या मावशीने निवृत्तीचे पैसे अशाच एका संस्थेत ठेवले होते. संस्थेला कुलूप लागलं तेव्हा ती पावत्यांची प्लास्टिकची पिशवी घेऊन आधी संविधान चौकात रिझर्व्ह बँकेत गेली. "हे आमच्याकडे येत नाही." मग सहकार उपनिबंधकांकडे, तिथून आर्थिक गुन्हे शाखेत. शेवटी ग्राहक मंच. सहकारी संस्थेचा सभासदही तिथे दाद मागू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये सांगितलेलं आहे, आणि मावशीच्या बाजूने आदेश झालाही. तो आता त्याच पिशवीत आहे, पावत्यांच्या वर. वसुलीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, असं वकिलांनी सांगितलंय.