हवामानबदल : कोकण किनारपट्टी

तापमान, पाऊस, वारे आणि समुद्राची पातळी यांच्या अनेक दशकांच्या सरासरीत पडणाऱ्या टिकाऊ फरकाला हवामानबदल म्हणतात. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतची सु. ७२० किमी. लांबीची कोकण किनारपट्टी पश्चिमेला तापत चाललेला अरबी समुद्र आणि पूर्वेला सह्याद्रीचा कडा यांच्यामधली चिंचोळी पट्टी आहे. समुद्रावरून आलेली वाफ याच कड्याला अडते आणि पडलेले पाणी आखूड, उताराच्या नद्यांतून काही तासांत खाडीला मिळते. त्यामुळे समुद्रात किंवा हवेत झालेला थोडा फरकही येथे लवकर जाणवतो. मात्र कोकणातल्या प्रत्येक पुराचे आणि दरडीचे खापर हवामानावर फोडता येत नाही. त्यात माणसाच्या हातचे पुष्कळ असते आणि ते वेगळे काढल्याशिवाय उपायांची चर्चा पुढे सरकत नाही.

मूळ कारण जागतिक आहे. कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू जाळल्याने आणि जंगले तोडल्याने हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढला. औद्योगिक क्रांतीपूर्वी त्याचे प्रमाण दर दशलक्ष भागांत सु. २८० भाग होते, आज ते ४२० च्या पुढे आहे. भातखाचरे, गुरे आणि कचऱ्याचे ढीग यांतून निघणारा मिथेन हा दुसरा महत्त्वाचा वायू. हे वायू पृथ्वीवरून परत जाणारी उष्णता धरून ठेवतात. २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान १८५०–१९०० या काळाच्या तुलनेत सु. १.१ अंश से.ने अधिक होते. अडकलेल्या उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग समुद्र शोषून घेतो, म्हणून कोकणापुरते बोलायचे तर सुरुवात समुद्रापासूनच करावी लागते.

अरबी समुद्रात पूर्वी चक्रीवादळे कमी होत, झाली तरी बहुतेक ओमान किंवा गुजरातकडे वळत. बंगालच्या उपसागरापेक्षा हा समुद्र थंड होता. आता मोसमी पावसाच्या आधी त्याच्या पृष्ठभागाचे तापमान २८ अंशांच्या वर सहज जाते आणि चक्रीवादळाला बळ मिळण्यास ते पुरेसे असते. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान, ३ जून २०२० रोजी निसर्ग आणि मे २०२१ मध्ये तौक्ते अशी वादळे कोकणाने अनुभवली. निसर्ग थेट रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड भागातल्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. घराचे उडालेले पत्रे महिन्याभरात परत बसवता येतात. नव्याने लावलेली सुपारी धरायला मात्र पाच-सात वर्षे जातात आणि तोवर वाडीवाल्याचे उत्पन्न जवळजवळ शून्य. पंचनाम्यात झाडांची संख्या येते, ही मधली वर्षे येत नाहीत.

पावसाचा प्रश्न एकूण बेरजेचा कमी आणि वाटणीचा जास्त आहे. हवा एका अंशाने तापली की ती सु. ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते, म्हणून कोसळण्याची वेळ आली की पाऊस एकदम कोसळतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला. त्याच सुमारास महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले आणि महाडजवळच्या तळीये गावावर डोंगर उतरून ऐंशीहून अधिक माणसे गेली. जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी गाडली गेली. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हतीच. यादी जुन्या पावसाच्या अनुभवावर बेतलेली असेल, तर नव्या पावसात ती अपुरी पडणार.

याच घटनांत माणसाचा वाटाही दिसतो. चिपळूणच्या वाशिष्ठी नदीच्या पात्रात साचलेला गाळ, पूररेषेत चढलेली बांधकामे, रस्त्यासाठी उभे कापलेले डोंगर, मातीच्या भरावाने बुजवलेल्या पाणथळ जागा, मुंबईत भिंतींत कोंडलेली मिठी नदी हे काही आकाशातून पडलेले नाही. वाशिष्ठीत कोयना प्रकल्पाचे अवजल, म्हणजे वीज तयार करून सोडलेले पाणीही येते. अतिवृष्टी आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली की खाडी पाणी घेत नाही, उलट ढकलते. महाड, चिपळूण, राजापूर या बाजारपेठा नदीकाठीच असल्याने त्यांना हा मारा पूर्वीपासून माहीत आहे. मात्र पाणी चढायला पूर्वी जो वेळ मिळे, तो आता कमी होत आहे.

पावसाची वेळही ढळली आहे. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २५ मे रोजी देवगडपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत पोहोचला, एरवी मुंबईत तो ११ जूनच्या सुमारास येतो. एका वर्षावरून कल ठरत नाही, हे खरे. पण ऑक्टोबरात उभ्या किंवा कापून ठेवलेल्या भातावर पडणारा परतीचा पाऊस ही शेतकऱ्यांची नेहमीची तक्रार झाली असून हळव्या, म्हणजे लवकर तयार होणाऱ्या भाताला त्याचा फटका आधी बसतो.

समुद्राची पातळी १९०१ ते २०१८ या काळात जगभर सरासरी सु. २० सेंमी.ने वाढली, अलीकडे हा वेग वर्षाला सु. ३.७ मिमी. आहे. एक वीत म्हणजे किरकोळ, असे वाटणाऱ्याने पेण-अलिबागच्या खारेपाटातल्या बांधावर उधाणाच्या दिवशी उभे राहावे. तेथे शेती भरतीच्या पातळीखाली आहे. खाडीचे पाणी बांधाने अडवलेले असते आणि पावसाचे पाणी ओहोटीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, बाहेर जाते. बांधाला खांड पडली की खारे पाणी शिवारात शिरते आणि जमिनीतला खार धुऊन निघायला पुढचे काही पावसाळे जातात. एके काळी या बांधांची निगा गावकी श्रमदानाने राखत असे. खारभूमी विकासाचा कायदा झाला, बांध सरकारी झाले आणि डागडुजी निविदेची वाट पाहू लागली. समुद्र वर चढत असताना निगा मागे पडणे, हे खारेपाटाचे खरे दुखणे आहे. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सहन करणारे भाताचे वाण दिले आहेत, पण भरतीचे पाणी रोज आत येऊ लागल्यावर तेही तग धरत नाहीत.

हापूसचे गणित थंडीवर चालते. पाऊस संपल्यावर जमिनीला ताण बसला आणि रात्री गार झाल्या की झाड मोहोरते. नोव्हेंबरात अवकाळी पाऊस झाला तर मोहोराऐवजी पालवी येते, ढगाळ हवेत तुडतुडे आणि भुरी वाढतात. थंडी रेंगाळली तर फळ धरलेल्या फांदीलाच पुन्हा मोहोर येऊन आधीची कैरी गळते. मार्चमधली उष्णतेची लाट फळ भाजते आणि साक्याचे, म्हणजे आतून गर खराब झालेल्या फळांचे, प्रमाण वाढवते. बागायतदार फवारण्या वाढवतो, म्हणजे खर्च वाढतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने असा पुनर्मोहोर रोखण्यासाठी जिब्रेलिक ॲसिडची शिफारस केली आहे. हवामानावर आधारित फळपीक विमाही आहे. मात्र विमा महसूल मंडळातल्या हवामान केंद्राचा आकडा पाहतो आणि डोंगरउतारावरच्या बागेतली हवा त्याहून वेगळी असू शकते.

मासळीत तारली व बांगडा हे मासे उत्तरेकडे सरकल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. मालवणच्या सागरी अभयारण्यात प्रवाळ पांढरे पडले आहेत. परंतु मासे घटण्यात पर्ससीन (माशांचा थवा घेरून पकडणारी मोठी) जाळी आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीचा भाग मोठा आहे, हे पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षे सांगत आहेत. वादळी इशाऱ्यांमुळे होड्या बंदरात अडकून पडतात. अवकाळी सरींनी वलांडीवर (मासे सुकवण्याच्या बांबूच्या मांडवावर) टांगलेले बोंबील कुजतात, त्याचा तोटा मुख्यतः ते सुकवणाऱ्या कोळणींना सोसावा लागतो. वेळास, आंजर्ले येथे अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांत पिल्लाचे लिंग वाळूच्या तापमानावर ठरते. वाळू तापली की माद्या वाढतात.

उपायांपैकी उत्सर्जन घटवणे हा जगाचा विषय. २०१५ चा पॅरिस करार आणि भारताने २०७० साठी जाहीर केलेले निव्वळ शून्य उत्सर्जनाचे लक्ष्य त्या दिशेचे आहे. डहाणू आणि जयगड येथील कोळशावरची वीजकेंद्रे याच किनाऱ्यावर उभी आहेत, हेही येथे नोंदवायला हवे. जुळवून घेण्याचे उपाय मात्र स्थानिक आहेत. त्यांत कांदळवनाइतका, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या झाडीइतका, स्वस्त आणि खात्रीचा दुसरा नाही. तिवर, चिपी, कांदळ यांची मुळे गाळ धरतात, लाटेचा जोर मोडतात आणि मासळीच्या पिल्लांना आसरा देतात. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडीस मनाई केली आणि २०१२ मध्ये राज्याने स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापला. याउलट धूपप्रतिबंधक दगडी बंधारे जागोजाग बांधले जातात. ते मागची घरे काही काळ वाचवतात, पण समोरची पुळण खातात आणि धूप शेजारच्या गावाकडे ढकलतात. निसर्ग वादळानंतर भूमिगत वीजवाहिन्या आणि निवारा केंद्रे यांची निकड उघड झाली. दरडीखालच्या वाड्यांचे वेळेत पुनर्वसन, नद्यांच्या पूररेषांची प्रत्यक्ष अंमलबजावणी आणि खारबांधांची दरवर्षी डागडुजी ही कामे नवी नाहीत, रखडलेली आहेत.

स्वच्छ ऊर्जेची जागाही जपून निवडावी लागते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले जांभ्याचे सडे, म्हणजे जांभ्या दगडाची उघडी पठारे, कागदोपत्री पडीक दिसतात, म्हणून सौरप्रकल्पांसाठी सोयीचे वाटतात. पण पावसाचे पाणी या सड्यांवरून मुरून पायथ्याच्या झऱ्यांना आणि विहिरींना मिळते, पावसाळ्यात तेथे इतरत्र न आढळणाऱ्या वनस्पती उगवतात, आणि काही सड्यांवरील कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहेत.