दगडावर चढताना इंजिनाला आकडा नाही, उतार लागतो

एका मित्राच्या जुन्या फोर-बाय-फोर ट्रकचं इंजिन अखेर बसलं. ऑइल खायला लागलं होतं, कॉम्प्रेशन गेलं होतं, बोअरिंग आधी दोनदा करून झालेलं. दुसरं इंजिन टाकायचं ठरल्यावर त्याने मला एक यादी पाठवली. प्रत्येक इंजिनासमोर फक्त हॉर्सपॉवर, आणि खाली प्रश्न : "यातलं सगळ्यात दमदार कुठलं?"

मी उलट विचारलं, दगडधोंड्यांतून तू ट्रक किती वेगाने नेतोस? "चालत्या माणसापेक्षा हळू." मग ते आकडे त्याच्या फारसे कामाचे नाहीत. कागदावरची हॉर्सपॉवर इंजिन जोरात फिरत असतानाची असते, आणि दगडावर चढताना ते तिथे नसतंच.

पॉवर म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर) गुणिले फिरण्याचा वेग. न्यूटन-मीटरमधल्या टॉर्कला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून ९५४९ ने भागलं, की किलोवॅट मिळतात. टोयोटाचं १एचझेड घ्या : ४.२ लिटर, सहा सिलिंडर, टर्बो नसलेलं डिझेल. कमाल पॉवर ३८०० फेऱ्यांना ९६ किलोवॅट, कमाल टॉर्क २२०० फेऱ्यांना २८५ न्यूटन-मीटर. सूत्र उलटं लावलं, तर ३८०० ला टॉर्क निघतो फक्त २४१. म्हणजे या टप्प्यात फेरे वाढतील तसा टॉर्क उतरत जातो, तोच तो उतार; आणि फेरे कमी झाले की टॉर्क वाढतो!

मला इंजिनातली सगळ्यात आवडणारी गोष्ट ती हीच. चाक दगडाला अडलं, फेरे उतरले, की इंजिन आपणहून जास्त जोर लावतं आणि सावरतं. वाटीतली गोटी ढकलली की परत तळाशी येते, तसं. पण कमाल टॉर्कच्या बिंदूखाली गेलात, की गोटी पालथ्या वाटीवर येते. पूर्ण रेस दिलेली असतानाही फेरे घटले की टॉर्क घटतो, टॉर्क घटला की फेरे आणखी घटतात, आणि दोन आचक्यांत इंजिन बंद. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनासोबत फिरणारं जड चाक, थोडा वेळ तारून नेतं, पण त्यातली ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. फेरे निम्मे झाले, तर शिल्लक पाव.

मग जुनी डिझेल गाडी आयडलिंगवर, ७०० फेऱ्यांना, ॲक्सिलरेटरला पाय न लावता दगड कशी चढते? कधी शेजारी उभं राहून ऐका. चाक अडतं, घरघर खाली जाते, क्षणभर वाटतं गेलं, आणि मग आवाज जड होऊन परत वर येतो.

ही करामत डिझेलची नाही, गव्हर्नरची आहे. गव्हर्नर म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणारी यंत्रणा. डिझेलच्या पंपाच्या आत दोन वजनं गरगर फिरत असतात. वेग घटला की ती आत येतात, स्प्रिंग रॅकला (डिझेल कमी-जास्त करणाऱ्या दांडीला) पुढे ढकलते आणि डिझेल वाढतं. उलट रॅक एकाच जागी बांधून ठेवला, तर प्रत्येक स्ट्रोकला साधारण तेवढंच डिझेल जात राहील, टॉर्कही जवळपास तेवढाच राहील, आणि सावरायला काहीच उरणार नाही. असं इंजिन एक तर बंद पडेल, नाही तर सुसाट सुटेल. पेट्रोलचं गणित वेगळं आहे. थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळजवळ मिटलेला असताना सेकंदाला ठरावीकच हवा आत येते. फेरे घटले की तीच हवा कमी स्ट्रोकमध्ये वाटली जाते, म्हणून प्रत्येक स्ट्रोकचा जोर वाढतो. त्यामुळे "पेट्रोलमध्ये दमच नाही" हेही खरं नव्हे. गव्हर्नरमधल्यासारखीच फिरती वजनं जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला लावली होती. ती कधी स्थिर राहतात आणि कधी हेलकावे खातात, याचं गणित भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८६८ मध्ये मांडलं.

आता गिअर. इंजिनाचा वेग पहिल्या गिअरमध्ये ४ पट कमी होतो, ट्रान्सफर केसच्या (फोर-बाय-फोरच्या जादा गिअरबॉक्सच्या) लो रेंजमध्ये २.५ पट, ॲक्सलमध्ये ४.१ पट : गुणाकार ४१. चाकाचा घेर २.४ मीटर धरला, तर ७०० फेऱ्यांना वेग पडतो ताशी अडीच किलोमीटर. जे इंजिन १२०० च्या खाली कुरकुरतं, त्याला त्याच गिअरमध्ये सव्वाचारने जावं लागेल, नाही तर क्लच जाळावा लागेल. इंजिन बदलण्याआधी ट्रान्सफर केसचे गिअर बदलून प्रश्न सुटतो का, हे पाहावं असं मी म्हणतो ते यासाठी.

बाकीचं थोडक्यात. वजन : कमिन्सचं चार सिलिंडरचं ४बीटी या कामासाठी जगभर लाडकं, पण ते सव्वातीनशे किलोंच्या पुढे जातं, आणि तो सगळा भार पुढच्या स्प्रिंगांवर. कार्ब्युरेटर असेल तर तीव्र चढावर फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल एका बाजूला कलतं आणि इंजिन गुदमरतं. नव्या इंजिनात गव्हर्नरचं काम ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, करतो, तेव्हा तो, त्याचं वायरिंग आणि सेन्सर त्याच गाडीतून उचलावेत. रेडिएटरमध्ये कंजुषी नको. रांगताना समोरून वारा येत नाही, सगळी भिस्त पंख्यावर. आणि इंधनाच्या नळीला चुंबक बांधून "ताकद वाढवून" देणारा भेटला, तर त्याला नमस्कार करून पुढे जावं. पेट्रोल-डिझेलवर चुंबकाचा परिणाम इतका नगण्य असतो, की ज्वलनाला त्याचा पत्ताही लागत नाही.

मित्राने यादी परत पाठवली आहे. त्यात दोन नवे रकाने आहेत : कमाल टॉर्क किती फेऱ्यांना, आणि वजन. दोन्ही रकाने निम्मे रिकामे, कारण विकणाऱ्यांना तेवढं कुणी विचारतच नाही.