जीवशास्त्राच्या तासाला पाण्यातलं क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट का नको?

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या बाजूला जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, बऱ्याचदा एखाद्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते तो आजार) पेशंट वाढायला लागले, संशयित रुग्णांचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला, आणि व्हॉट्सॲपवर आधी चिकनला फाशी झाली. नीट शिजवलेल्या चिकनचा काय दोष? तपासण्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी आणि नोरोव्हायरस हे जुलाबाचे जंतू सापडले, संशय पाण्यावर गेला, आणि नांदेडच्या विहिरीतलं पाणी पूर्ण फिल्टर न होता फक्त क्लोरीन टाकून पुढे जातं हे सगळ्या पेपरांत छापून आलं. तेव्हा नववी-दहावीच्या कुठल्याही हुशार पोराला पडेल असा प्रश्न म्हणजे, क्लोरीन टाकतात ना, मग जंतू राहतात कसे?

आपल्या पुस्तकात याचं उत्तर नसतं. तिथे आकृती असते, निवळणे, गाळणे, क्लोरिनेशन, तीन बाण आणि शेवटी एक नळ. खरी गंमत त्या तिसऱ्या बाणात आहे.

क्लोरीन किंवा टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पाण्यात पडली की हायपोक्लोरस ॲसिड तयार होतं. याच्यावर विद्युतभार नसतो. बॅक्टेरियाचा पृष्ठभाग ऋणभारित, त्यामुळे बिनभाराचा हा रेणू सरळ आत शिरतो आणि प्रथिनांमधल्या गंधकवाल्या अमिनो ॲसिड्सवर, म्हणजे सिस्टीन आणि मेथिओनीनवर तुटून पडतो. प्रथिनांच्या घड्या उलगडतात, ती एकमेकांना चिकटून गोळा होतात, अंडं उकडल्यावर होतं ना तसंच, फक्त इथे आच नाही. पण पाण्याचा पीएच वाढला की हेच ॲसिड हायड्रोजन सोडून हायपोक्लोराइट आयन होतं, आयन ऋणभारित, त्याला बाहेरच ढकललं जातं आणि मारकशक्ती कित्येक पटींनी घसरते. पीएच साधारण ७.५ ला दोघे निम्मे-निम्मे, ६.५ ला नव्वद टक्के ॲसिड, ८.५ ला जेमतेम दहा टक्के. म्हणजे क्लोरीन तेवढंच टाकलंय, मीटरही तेवढंच दाखवतोय, पण काम करणारे हात कमी झालेत. (पीकेए, म्हणजे ज्या पीएचला ॲसिड आणि आयन निम्मे-निम्मे असतात तो आकडा, अजून शिकवला नसेल तर एवढा आलेख फळ्यावर काढला तरी पुरे.)

आणि जीवशास्त्राच्या तासाला हे का, तर आपल्या रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी नेमकं हेच रसायन बनवतात! जंतू गिळला की मायलोपेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम हायड्रोजन पेरॉक्साइड आणि साधं क्लोराइड घेऊन आतल्या आत हायपोक्लोरस ॲसिड तयार करतं. हे एन्झाइम हिरवं असतं, पू हिरवट दिसतो त्यात त्याचाही हात असतो. पाण्याच्या टाकीत आपण जे करतो ते शरीर कधीपासून करतंय, हे सांगितलं की मागच्या बाकावरचेही मान वर करतात.

आता जंतू राहतात कसे ते. एक तर क्लोरीनला गिऱ्हाईकं फार, गाळ, शेवाळ, अमोनिया, सगळे आधी वाटा घेतात, उरलं तर जंतूंना. दुसरं, गढूळ पाण्यात मातीच्या कणाआड जंतू लपून बसतो. तिसरं, वेळ. ई. कोलाय मिनिटभरात संपतो, पण क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाब करणाऱ्या परजीवीला लिटरला एक मिलिग्रॅम क्लोरीन असलं तरी दहाएक दिवस लागतात, तिथे फिल्टरच हवा. म्हणून किती टाकलं यापेक्षा नळाशी किती उरलं ते बघायचं. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम, विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तर ०.५.

त्यात आपल्याकडे पाणी सोडणार तास-दोन तास. बाकी वेळ पाइपात दाब नसतो, मग जिथे गळती तिथून बाहेरचं पाणी आत, शेजारून ड्रेनेज गेलं असेल तर बघायलाच नको.

यातलं काहीच टीडीएस मीटरला कळत नाही. तो विरघळलेले क्षार मोजतो, जंतू नाही. आरो विकायला येणारा माणूस पाण्यात दोन सळया बुडवून करंट सोडतो, पाणी तपकिरी होतं आणि घरचे घाबरतात, पण तो रंग सळईच्याच लोखंडाचा, पाण्यात क्षार आहेत म्हणून करंट वाहिला एवढंच! २०१९ मध्ये हरित लवादानेही टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल तिथे आरो नको असं सांगितलं होतं.

तर वर्गात करायचं काय? ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक करतो तीच ओटी टेस्ट. पोरांना घरून पाणी आणायला सांगायचं, कुणी नळाचं पहिलं, कुणी दहा मिनिटांनंतरचं, कुणी गच्चीवरच्या टाकीचं, कुणी माठातलं. बाटली त्याच सकाळची हवी, क्लोरीन उडून जातं. ऑर्थोटॉलिडीनचे (ओटी म्हणजे हेच) थेंब टाकले की पिवळा रंग, लगेच वाचायचा, कारण पाच मिनिटांनी अमोनियाशी बांधलेलं क्लोरीनही रंग देतं. ऑर्थोटॉलिडीनवर कॅन्सरचा संशय आहे, त्यामुळे हातमोजे घाला, नाहीतर डीपीडी नावाचं दुसरं रसायन वापरा, त्याचा रंग गुलाबी येतो. जिथे रंगच आला नाही त्या पाण्याला एच टू एस व्हायल, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड वायू बनवणारे जंतू ओळखणारी बाटली, लावायची, ही टेस्ट १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतून आलेली. एक-दोन दिवसांत पाणी काळं झालं तर विष्ठेतले जंतू असण्याची शक्यता दाट. ई. कोलाय स्वतः सहसा हा वायू बनवत नाही, त्याच्या सोबतचे बनवतात, लोहाशी मिळून आयर्न सल्फाइड होतं, तो काळा रंग.

काळी झालेली बाटली कुणी वास घ्यायला उघडणार, हे नक्की. ती सरांनीच ताब्यात घ्यायची, टीसीएल घालून रात्रभर ठेवायची आणि मगच ओतायची.