स्किझोफ्रेनियातील बोधनिक अडचणींवरील उपचार

स्किझोफ्रेनिया (छिन्नमनस्कता) म्हटले की भास आणि संशय आठवतात. लक्ष, स्मरणशक्ती, विचारांचा वेग आणि नियोजन यांत पडलेली उणीव, म्हणजेच बोधनिक अडचणी, मात्र घरचे लोक बहुधा आळस समजतात, आणि हा रुग्णावर मोठाच अन्याय आहे. एका दमात तीन कामे सांगितली तर त्याच्या लक्षात पहिलेच राहते. गप्पांत उत्तर जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. ही उणीव अनेकदा आजार उघड होण्याआधीपासून असते आणि भास थांबल्यावरही उरते. नोकरी, शिक्षण आणि स्वतंत्र राहणे अडते ते बऱ्याच अंशी तिच्यामुळे.

डोपामिन या मेंदूतील रसायनावर काम करणारी नेहमीची औषधे भासांवर चांगली चालतात, या उणिवेवर फारशी नाही. या औषधांमुळे येणारा हातापायांचा ताठरपणा कमी करण्यासाठी दिले जाणारे ट्रायहेक्सीफेनिडिल तर स्मरणशक्ती आणखी मंदावू शकते. म्हणून चालू औषधांचा डॉक्टरांकडून फेरविचार करून घेणे ही पहिली पायरी. रुग्णाने ती स्वतःहून बंद करू नयेत. खास या उणिवेसाठीचे औषध अजून हाती आलेले नाही. बरीच आशा असलेले आयक्लेपर्टिन २०२५ मध्ये जाहीर झालेल्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांत अपयशी ठरले.

सर्वाधिक पुरावा आहे तो बोधनिक पुनर्वसनाचा. यात आठवड्यातून काही वेळा, काही महिने, सोप्याकडून अवघडाकडे जाणारे सराव संगणकावर किंवा कागदावर केले जातात. यादी पाठ करण्याऐवजी वस्तूंचे गट पाडणे, कामाच्या पायऱ्या स्वतःशी बोलत जाणे अशा युक्त्या प्रशिक्षक शिकवतो. १३० चाचण्यांच्या २०२१ मधील एकत्रित आढाव्यात लाभ लहान ते मध्यम, पण खरा आढळला. प्रशिक्षक सोबत असेल आणि सरावाला नोकरीच्या किंवा इतर पुनर्वसनाची जोड असेल, तिथे तो अधिक होता. रुग्णाला नुसते संगणकावरच्या खेळांपुढे बसवणे याला उपचार म्हणणे कठीण आहे.

चेहऱ्यावरचे भाव आणि दुसऱ्याचा हेतू ओळखण्याचे प्रशिक्षण वेगळे दिले जाते. नियमित एरोबिक व्यायामाचाही उपयोग दिसतो.

दुसरी वाट परिसर बदलण्याची. गोळ्यांचा वारवार खणांचा डबा, मोबाइलचा गजर, दाराच्या आतल्या बाजूला किल्ली आणि पाकिटाची आठवण देणारी चिठ्ठी, रात्रीच काढून ठेवलेले कपडे अशा सोयींनी रोजची कामे लगेच सुकर होतात. स्मरणशक्ती सुधारण्याची वाट पाहावी लागत नाही.